अमेरिकन ट्रकिंग कंपन्यांची वंशावळ : कोण कुणात विरलं, कुणी वेगळी चूल मांडली, कोण बुडालं?

तक्तेवाला :

मंडळी, १९८० ते २०२३ या काळातल्या अमेरिकन एलटीएल कंपन्यांचा, म्हणजे एका ट्रेलरमधून अनेकांचा सुटा माल नेणाऱ्या कंपन्यांचा, वंशावळीसारखा तक्ता करतो आहे. कंपनीला चौकट, विलीनीकरणाला जाड रेघ, स्पिन-ऑफला, म्हणजे कंपनीचा एक भाग वेगळा काढून त्याचे शेअर भागधारकांना वाटण्याला, तुटक रेघ आणि जिथे धंदा बंद पडला तिथे फुली. चार ठिकाणी गाडं अडलंय.

१. कन्सॉलिडेटेड फ्रेटवेज २००२ मध्ये बंद पडली म्हणतात. तीच १९२९ ची कंपनी पुढे कॉन-वे झाली आणि २०१५ मध्ये एक्सपीओ या वाहतूक कंपनीने घेतली, असंही म्हणतात. मग फुली कुठे मारू?

२. रोडवेचं तसंच. एक रेघ फेडेक्स ग्राउंडकडे जाते, दुसरी येलोकडे.

३. 'सीएफआय' हे नाव तीन वेगवेगळ्या ठिकाणी भेटतं. कंपनी एकच की तीन?

४. येलोने २००२ मध्ये बाजूला काढलेली साइया आज जोरात आहे आणि आई येलो २०२३ मध्ये गेली. कन्सॉलिडेटेडमध्ये उलट झालं, वेगळी काढलेली गेली आणि आई जगली. यामागे काही नियम आहे की नुसता योगायोग?

आणखी एक. बंद पडल्याची तारीख कोणती धरायची? शेवटचा ट्रक, दिवाळखोरीचा अर्ज की कोर्टाचा शेवटचा आदेश?

---

जुना_डॉकेट :

पहिल्या तिन्ही प्रश्नांचं दुखणं एकच आहे. तुम्ही एका चौकटीत दोन गोष्टी कोंबताय. कायदेशीर कंपनी वेगळी आणि रस्त्यावर धावणारं नाव वेगळं. तक्त्यात दोन पट्ट्या आखा. वरच्या पट्टीत नोंदणी झालेली मूळ कंपनी, खालच्या पट्टीत ट्रकच्या दारावर रंगवलेलं नाव. निम्मा गोंधळ तिथेच संपेल.

कन्सॉलिडेटेड असं मांडा. १९२९ मध्ये पोर्टलंड, ओरेगन इथे लेलँड जेम्स यांनी सुरू केली. (जाता जाता : फ्रेटलायनर ट्रक याच कंपनीने स्वतःच्या गरजेसाठी बांधायला घेतले आणि १९८१ मध्ये तो कारखाना डायमलर-बेन्झला विकला. वंशावळीत ही फांदी दाखवायची तर वेगळ्या रंगात दाखवा, तो वाहतुकीचा धंदा नव्हे.) १९८३ मध्ये याच घरात कॉन-वे नावाने बिगर-युनियन प्रादेशिक कंपन्या उभ्या राहिल्या. १९८९ मध्ये एमरी ही हवाई मालवाहतूक कंपनी घेतली. मग डिसेंबर १९९६ मध्ये घराची वाटणी झाली. जुना युनियनवाला लांब पल्ल्याचा धंदा 'कन्सॉलिडेटेड फ्रेटवेज कॉर्पोरेशन' या नव्या कंपनीत घालून तिचे शेअर भागधारकांना वाटून टाकले. मूळ कंपनीने स्वतःचं नाव बदलून सीएनएफ ट्रान्सपोर्टेशन केलं. नाव मुलाने नेलं, सातबारा बापाकडे राहिला.

म्हणून वरच्या पट्टीत १९२९ ची रेघ सीएनएफ, २००६ पासून कॉन-वे इन्कॉर्पोरेटेड आणि २०१५ मध्ये सुमारे ३०० कोटी डॉलरला एक्सपीओ अशी अखंड जाते. खालच्या पट्टीत मात्र कन्सॉलिडेटेड या नावावर सप्टेंबर २००२ मध्ये फुली. तुम्ही वाचलेली दोन्ही विधानं खरी आहेत, पट्ट्या वेगळ्या.

रोडवेची वाटणी त्याच वर्षीची, जानेवारी १९९६. मूळ कंपनी रोडवे सर्व्हिसेस. तिने १९८५ मध्ये आरपीएस ही पार्सल कंपनी काढली होती आणि १९८८ मध्ये पश्चिमेकडची व्हायकिंग विकत घेतली होती. जुना एलटीएल धंदा रोडवे एक्सप्रेस म्हणून बाहेर काढला आणि मूळ कंपनी कॅलिबर सिस्टिम झाली. १९९८ मध्ये फेडेक्सने कॅलिबर घेतली. आरपीएसचं फेडेक्स ग्राउंड झालं आणि व्हायकिंग पुढे फेडेक्स फ्रेटमध्ये गेली. रोडवे एक्सप्रेस डिसेंबर २००३ मध्ये येलोकडे गेली. १९३० मध्ये अॅक्रनमध्ये राउश बंधूंनी लावलेलं हे एकच झाड, दोन फांद्या.

सीएफआय : एक म्हणजे कन्सॉलिडेटेड फ्रेटवेज इन्कॉर्पोरेटेडचं लघुरूप. दुसरी मिझुरीतल्या जॉप्लिनची काँट्रॅक्ट फ्रेटर्स. ही पूर्ण ट्रकभर माल नेणारी कंपनी, कन्सॉलिडेटेडशी नाव जुळणं हा निव्वळ योगायोग. कॉन-वेने तिला २००७ मध्ये ७५ कोटी डॉलरला घेतलं आणि 'कॉन-वे ट्रकलोड' असं नाव दिलं. २०१६ मध्ये एक्सपीओकडून ती कॅनडाच्या ट्रान्सफोर्सने (आजची टीएफआय) ५५.८ कोटींना घेतली आणि जुनं सीएफआय हे नाव परत लावलं. २०२२ मध्ये हार्टलँडने ५२.५ कोटींना घेतली. म्हणजे तुमचा तिसरा सीएफआय हा दुसराच आहे, मधली नऊ वर्षं आडनाव बदलून राहिलेला.

कागद शोधताना (हे सगळे अमेरिकेच्या रोखे आयोगाकडे दाखल झालेले असतात) : स्पिन-ऑफ असेल तर नव्या कंपनीचा 'फॉर्म १०' शोधा. वाटणीत कोणती देणी कुणाच्या गळ्यात आली ते त्यातच असतं. शेअर देऊन विलीनीकरण झालं असेल तर 'एस-४'. दिवाळखोरीची खबर 'फॉर्म ८-के' मध्ये. २००४ च्या ऑगस्टनंतर ती कलम १.०३ खाली येते, त्याआधी कलम ३ खाली. येलोचं कलम १.०३ मध्ये सापडेल, कन्सॉलिडेटेडचं तिथे शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही. आणि शोध नावाने घेऊ नका. रोखे आयोगाने दिलेल्या नोंदणी क्रमांकाने घ्या. नाव बदललं तरी क्रमांक तोच राहतो.

---

हिशेबनीस :

चौथ्या प्रश्नाकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. या वाटण्या कोणता धंदा वाढतोय आणि कोणता नाही, एवढ्याच हिशेबाने झाल्या नाहीत. पेन्शनचा हिशेब प्रत्येक वाटणीच्या पाठीशी उभा आहे.

१९८० सालचे दोन कायदे शेजारी ठेवा. मोटर कॅरियर अॅक्टने मार्गांचे परवाने जवळजवळ खुले केले, त्यामुळे स्वस्तात चालणाऱ्या बिगर-युनियन कंपन्या बाजारात घुसल्या. दुसरा कायदा सामाईक पेन्शन फंडांचा. टीमस्टर्स युनियनचे कामगार ज्या फंडात असतात (उदाहरणार्थ सेंट्रल स्टेट्स) त्यात शेकडो मालक पैसे भरतात. या कायद्यानुसार जो मालक फंडातून बाहेर पडेल त्याने फंडाच्या तुटीतला आपला वाटा भरून जायचं. याला विथड्रॉवल लायबिलिटी म्हणतात. वाईट बाब अशी की जे मालक बुडाले त्यांच्या निवृत्तांचा बोजा मागे उरलेल्यांवर पडतो. १९८० नंतर पटापट बुडणाऱ्या धंद्यात याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको.

वार्षिक हप्ता काढायची रीत : मागच्या दहा वर्षांतला सर्वांत चढा वर्गणीदर, गुणिले त्याआधीच्या दहा वर्षांतल्या सर्वांत भारी सलग तीन वर्षांचं सरासरी काम. समजा दर आठवड्याला माणशी ३०० डॉलर आणि त्या तीन वर्षांत सरासरी १,००० माणसं होती. ५२ आठवडे धरले तर ५२,००० माणूस-आठवडे, म्हणजे वर्षाला १ कोटी ५६ लाख डॉलर. कंपनी आकसून आज ४०० माणसांवर आली असली तरी हिशेब त्या जुन्या हजारांचा. हप्त्यांना एरवी वीस वर्षांची मर्यादा असते, पण सगळेच मालक एकदम बाहेर पडले तर ती मर्यादाही जाते.

आता यातलं महत्त्वाचं कलम. ८० टक्के किंवा जास्त समान मालकी असलेल्या सगळ्या कंपन्या या देण्यापुरत्या एकच मालक समजल्या जातात. एका होल्डिंग कंपनीखाली युनियनवाली आणि बिगर-युनियन अशा दोन्ही कंपन्या चालवण्याला त्या धंद्यात 'डबल-ब्रेस्टिंग' म्हणत. त्यात युनियनवाली बुडाली तर बिगर-युनियन बहिणीची मालमत्ताही त्या देण्याला बांधलेली. ही गाठ सोडवायचा सरळ रस्ता म्हणजे शेअर भागधारकांना वाटून पूर्ण फारकत घेणं. आयकर कायद्याच्या कलम ३५५ खाली ते करमुक्तही बसवता येतं. अट अशी की दोन्ही बाजूंचा धंदा किमान पाच वर्षं चालू असलेला हवा. मुख्यतः देणं चुकवायला केलेला व्यवहार मात्र फंड अमान्य करू शकतो. म्हणून वाटणीच्या दिवशी वेगळ्या होणाऱ्या कंपनीच्या अंगावर पुरेसं भांडवल ठेवावं लागतं.

तुमच्या तक्त्यात वाटणीची दिशा लिहा, म्हणजे चित्र उघड होईल. रोडवे १९९६ आणि कन्सॉलिडेटेड १९९६ : दोन्हीकडे युनियनवाला जुना धंदा घराबाहेर, बिगर-युनियन घरात. येलो २००२ : उलट. साइया आणि जेव्हिक या बिगर-युनियन कंपन्या एससीएस ट्रान्सपोर्टेशन या नावाखाली बाहेर, युनियनवाला धंदा घरात. म्हणजे 'आई जगते की मूल जगतं' हा प्रश्नच गैरलागू आहे. तिन्ही ठिकाणी पेन्शनचं ओझं ज्या बाजूला राहिलं तिच्यावरच शेवटी फुली पडली.

या ओझ्याची किंमत बघायची असेल तर यूपीएसने २००७ मध्ये सेंट्रल स्टेट्समधून बाहेर पडायला ६१० कोटी डॉलर भरले. तेवढे खिशात असणारी ती एकच कंपनी होती.

---

डॉकची_दारं :

हिशेबनीसांचं म्हणणं पटतं, पण निम्मंच. पेन्शनने येलोचे पाय बांधले असतील, पण खड्ड्यात ती विलीनीकरणांमुळे पडली. त्या रेघा तक्त्यात नुसत्या जाड काढून चालणार नाही.

क्रम बघा. २००३ मध्ये रोडवे, सुमारे ११० कोटी डॉलरला. तिच्यासोबत न्यू पेनही आली; रोडवेने तिला २००१ मध्ये घेतलं होतं. २००५ मध्ये यूएसएफ, सुमारे १३७ कोटींना. तिच्यासोबत हॉलंड, रेडवे, बेस्टवे, डुगन. (रेड स्टार यात धरू नका, ती मे २००४ मध्येच बंद झाली होती.) पुढे बेस्टवे रेडवेमध्ये आणि डुगन हॉलंडमध्ये मिसळली. पण येलो आणि रोडवे या दोन देशव्यापी कंपन्या पाच वर्षांहून जास्त काळ वेगवेगळ्याच चालवल्या आणि शेवटी मार्च २००९ मध्ये, ऐन मंदीत, एकत्र केल्या. इतकं थांबून नेमका तोच मुहूर्त काढावा याचं आजही नवल वाटतं.

दोन एलटीएल कंपन्या एक केल्या की माल दुप्पट होत नाही. का ते नीट बघा. मोठा माल पाठवणारा सगळी अंडी एका टोपलीत ठेवत नाही. त्याच्या यादीत येलो ४० टक्के, रोडवे ३० टक्के आणि तिसरा कुणी ३० टक्के अशी वाटणी असते. उद्या येलो-रोडवे एक झाल्या की तो ७० टक्के एकाच हाती देत नाही. ५० वर आणतो आणि उरलेला चौथ्याला देतो. म्हणजे काही न बिघडताही पहिल्याच दिवशी माल गळतो.

मग बिघडायला लागतं. सुट्या मालाचा प्रवास असा : शहरातला ट्रक माल उचलून टर्मिनलवर आणतो, तिथून रात्री २८ फुटी ट्रेलरच्या जोड्या ब्रेकबल्क टर्मिनलला जातात, तिथे माल उतरवून दिशेप्रमाणे पुन्हा भरतात, मग दुसऱ्या टोकाचं टर्मिनल, मग पोचवणी. एकत्र करताना एका शहरातल्या दोन टर्मिनलांपैकी एक बंद करतात. राहिलेल्याला ८० दारं (ट्रेलर लावून माल चढवायच्या-उतरवायच्या जागा) असतील आणि माल १३० दारांचा आला तर ट्रेलर अंगणात रांगेत उभे राहतात. संध्याकाळची उतराई उशिरा झाली की रात्रीची जोडी वेळेवर सुटत नाही, ब्रेकबल्कमधली जुळणी चुकते आणि दोन दिवसांचा माल चार दिवसांनी पोचतो. त्यात लेबलं, बिलांच्या क्रमांकांच्या मालिका आणि मार्गांचे कोड दोन पद्धतींचे असले की माल चुकीच्या ब्रेकबल्कला जातो. दर वेळी हाताळणी वाढते, हाताळणी वाढली की मोडतोड आणि नुकसानीचे दावे वाढतात.

माणसांचा प्रश्न निराळा. युनियनच्या करारात टर्मिनल बंद करायला 'चेंज ऑफ ऑपरेशन्स' ची मंजुरी लागते आणि दोन सेवाज्येष्ठतेच्या याद्या जुळवाव्या लागतात. याद्या रुजू तारखेप्रमाणे एकमेकींत विणायच्या की बंद टर्मिनलची माणसं दुसऱ्या यादीच्या शेपटाला लावायची, यावरून महिने जातात. शेपटाला लागलेला पंचवीस वर्षांचा ड्रायव्हर नव्याने रात्रपाळी करतो किंवा निघून जातो. रस्ते आणि ग्राहक पाठ असलेली माणसं अशी गेली की पोचवणी आणखी ढिली पडते.

आणि माल १० टक्के घटला म्हणून खर्च १० टक्के घटत नाही. गजबजलेल्या मार्गावर २० च्या जागी १८ ट्रेलर सोडता येतात. पण ज्या मार्गावर रोज एकच ट्रेलर जातो तो ७० टक्के भरला काय आणि ६० टक्के भरला काय, ड्रायव्हर, डिझेल आणि टायर तेवढेच. अशा पातळ मार्गांवरच ऑपरेटिंग रेशो शंभराच्या पुढे जातो, म्हणजे एक डॉलर कमवायला एक डॉलरहून जास्त खर्च.

२०२२ मध्ये 'वन येलो' नावाने उरलेल्या प्रादेशिक कंपन्याही एकत्र करायला घेतल्या. पश्चिमेचा पहिला टप्पा सप्टेंबरमध्ये झाला, दुसरा युनियनशी वादात अडकला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

---

तक्तेवाला :

दोन पट्ट्यांची कल्पना फारच कामाची निघाली, आभार. आता एक उपप्रश्न. तक्त्याच्या डाव्या कडेला १९८० आधीच्या कंपन्यांची दाटी आहे, तिथे विलीनीकरणं कितीतरी जास्त दिसतात. तेव्हा पेन्शनचं देणं नव्हतं, मग घाई कसली होती? आणि ज्या कंपन्या १९८० नंतर बंद पडल्या त्यांची नावं १९९० नंतरही खटल्यांत का दिसतात?

---

जुना_डॉकेट :

तेव्हा ट्रक किंवा टर्मिनल यांच्याहून परवाना महाग होता. १९३५ च्या कायद्याने आंतरराज्य वाहतूक आयसीसी (इंटरस्टेट कॉमर्स कमिशन) या आयोगाच्या हाती गेली. प्रत्येक कंपनीच्या प्रमाणपत्रात कोणता रस्ता, मधले कोणते थांबे, कोणत्या प्रकारचा माल हे लिहिलेलं असे. नवा परवाना मिळवायचा तर त्या मार्गावरच्या जुन्या कंपन्या हरकत घ्यायच्या आणि प्रकरण रेंगाळायचं. त्यापेक्षा परवाना असलेली छोटी कंपनी विकत घेणं सोपं. दोन परवाने एका सामाईक शहरात जोडता येत. त्या शहराला 'गेटवे' म्हणत आणि ट्रकला तिथूनच जावं लागे, मग वळसा शंभर मैलांचा का असेना. इंधनटंचाईच्या काळात, १९७४ मध्ये, आयोगाने हे वळसे कमी करायला घेतले. १९८० आधीची तुमची दाट रेघांची जाळी म्हणजे बहुतांशी परवान्यांचं शिवणकाम आहे. शोधताना आयोगाचे 'एमसी-एफ' ने सुरू होणारे डॉकेट क्रमांक बघा, मोटर कंपन्यांच्या खरेदी-विलीनीकरणाची प्रकरणं त्याच मालिकेत आहेत.

कुणाला हा नियम थेट भोवला याचं उत्तम उदाहरण माल्कम मॅकलीन. १९३४ ची मॅकलीन ट्रकिंग त्याने १९५५ मध्ये सोडली, कारण आयोगाच्या नियमाप्रमाणे ट्रक कंपनी आणि जहाज कंपनी एका हातात ठेवता येत नव्हती. तो कंटेनर घेऊन समुद्राकडे गेला, त्याच्या नावाची ट्रक कंपनी १९८६ मध्ये बुडाली.

१९८० मध्ये परवाने सहज मिळू लागले तेव्हा ताळेबंदात मालमत्ता म्हणून मांडलेले हे हक्क एका रात्रीत कागदाच्या किमतीचे झाले. लेखामानक मंडळाने त्याच डिसेंबरमध्ये ४४ व्या क्रमांकाचं मानक काढून ते पूर्ण खर्ची टाकायला लावलं. ज्या कंपन्यांनी हे हक्क तारण ठेवून कर्ज घेतलं होतं त्यांची अवस्था ओळखा.

खटल्यांचं कारण वेगळं आणि जास्त चमत्कारिक. १९८० नंतर कंपन्या स्पर्धेत सूट देऊ लागल्या, पण आयोगाकडे नोंदवलेला दर बरेचदा जुनाच राहिला. कायद्याने नोंदवलेलाच दर वैध. कंपनी बुडाली की दिवाळखोरीचा विश्वस्त जुनी बिलं उकरून माल पाठवणाऱ्यांना फरकाची मागणी लावायचा. 'तुम्ही ६०० डॉलर भरलेत, नोंदवलेला दर ९०० होता, उरलेले ३०० द्या.' हे कित्येक वर्षांनंतर, आणि ग्राहकाने ठरलेले पैसे वेळेवर दिलेले असताना. जून १९९० मध्ये मेझलिन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विश्वस्तांच्या बाजूने निकाल दिला आणि मागण्यांचा पूर आला. शेवटी डिसेंबर १९९३ च्या कायद्याने तडजोडीचे दर ठरवले : १०,००० पौंडांपर्यंतच्या मालाला मागणीच्या २० टक्के, त्यावरच्या मालाला १५ टक्के, सार्वजनिक गोदामवाल्यांना ५ टक्के, आणि छोट्या उद्योगांना माफी. म्हणून मेलेल्या कंपन्यांची नावं पुढे कितीतरी वर्षं न्यायालयांत फिरत राहिली. पीआयई ही ट्रक कंपनीसुद्धा तुमच्या तक्त्यात असेलच : १९८३ मध्ये रायडर ट्रक लाइन्सशी विलीन, १९९० मध्ये बंद.

---

फुललोड :

हिशेबनीसांच्या सिद्धांताला एक टाचणी लावतो. साइयासोबत येलोतून बाहेर पडलेली जेव्हिक बिगर-युनियन होती, पेन्शन फंडाचं ओझं नव्हतं, तरी २००८ मध्ये बुडाली. आणि पूर्ण ट्रकलोडच्या धंद्यात युनियन जवळजवळ नाहीच, तिथेही फुल्या भरपूर. डिसेंबर २०१९ मध्ये सेलाडन बंद झाली ती हिशेबातल्या घोटाळ्यामुळे आणि कर्जामुळे.

ट्रकलोडच्या फुल्या दिसायलाही वेगळ्या असतात. एलटीएल कंपनी बंद होताना माल टर्मिनलमध्ये अडकतो. ट्रकलोड बंद होते तेव्हा ड्रायव्हर रस्त्यावर अडकतो. पहिली खूण म्हणजे इंधनाची कार्डं चालेनाशी होणं. डिसेंबर २००९ मध्ये टल्साच्या अॅरोचं नेमकं तसंच झालं.

तक्त्यासाठी एक सापळा सांगून ठेवतो. २०१७ चं नाइट आणि स्विफ्टचं विलीनीकरण. कायद्याने टिकलेली कंपनी स्विफ्ट, तिचंच नाव बदलून नाइट-स्विफ्ट केलं. पण लेखाशास्त्राच्या दृष्टीने खरेदीदार नाइट. त्यामुळे २०१७ नंतरच्या वार्षिक अहवालात मागच्या वर्षांचे आकडे नाइटचे असतात. स्विफ्टचे आकडे समजून ते जोडलेत तर तुमचा आलेख एकाएकी कोसळल्यासारखा दिसेल. वंशावळीत गंमत म्हणजे नाइट ही मुळात स्विफ्टमध्ये काम केलेल्या नाइट घराण्यातल्यांनीच काढलेली, पण तो स्पिन-ऑफ नव्हे. शेअर वाटलेले नाहीत, तुटक रेघ काढू नका. ओव्हरनाइटचंही तसंच. युनियन पॅसिफिकने ती १९८६ मध्ये घेतली आणि २००३ मध्ये शेअर बाजारात विकली. वाटली नाही, विकली. २००५ मध्ये यूपीएसने १२५ कोटींना घेतली आणि २०२१ मध्ये टीएफआयला ८० कोटींना दिली.

---

हिशेबनीस :

टाचणी मान्य. जेव्हिकवर पेन्शनऐवजी दुसरं ओझं होतं. २००६ मध्ये एससीएसने ती सन कॅपिटल या गुंतवणूक कंपनीला विकली (त्यानंतर एससीएसने साइया हेच नाव घेतलं), आणि खरेदीचं कर्ज जेव्हिकच्याच मालमत्तेवर चढवलं. सगळं आधीच तारण असल्यामुळे मे २००८ मध्ये बंद पडल्यावर ड्रायव्हरांना ६० दिवसांच्या नोटिसीचा पगारही मिळेना. तारणवाल्यांनी आणि इतर धनकोंनी ड्रायव्हरांना वगळून तडजोड केली. ती मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध २ मतांनी रद्द ठरवली : ज्यांची हरकत आहे अशा अग्रक्रमाच्या धनकोंना ओलांडून खालच्यांना पैसे देता येणार नाहीत. म्हणजे बंद २००८ ला आणि गाजलेला निकाल २०१७ ला.

यातून तुमच्या तारखेच्या प्रश्नाचं उत्तरही मिळतं. फुली कामकाज थांबलं त्या दिवशी मारा आणि दिवाळखोरीचा अर्ज शेजारी बारीक अक्षरांत. कन्सॉलिडेटेड : २ सप्टेंबर २००२, लेबर डेच्या सुट्टीत ध्वनिमुद्रित फोन संदेशाने कामगारांना कळवलं, सुमारे १५,५०० नोकऱ्या गेल्या. येलोचा क्रम तर दिवसादिवसाचा आहे. जुलै २०२३ मध्ये सेंट्रल स्टेट्सची सुमारे ५ कोटींची देणी थकली, युनियनने २४ तारखेच्या संपाची नोटीस दिली, २३ ला फंडाने मुदत वाढवून दिली. पण तोवर ग्राहकांनी माल दुसरीकडे वळवला होता. २६ च्या सुमारास नवा माल उचलणं थांबलं, २८ ला बिगर-युनियन माणसांना काढलं, ३० ला कामकाज बंद, ६ ऑगस्टला डेलावेअरमध्ये अर्ज. संप झालाच नाही. नोटिसीनेच काम केलं. सुटा माल नेणाऱ्या कंपनीत माल अडकण्याच्या भीतीने ग्राहक आठवडाभरात निघून जातात.

३०,००० नोकऱ्या गेल्या, त्यातले सुमारे २२,००० टीमस्टर्स. २०२० मध्ये घेतलेलं ७० कोटींचं सरकारी कर्ज मात्र व्याजासकट फिटलं, कारण टर्मिनलांना आलेली किंमत कुणाच्या कल्पनेत नव्हती.

---

डॉकची_दारं :

त्या किमतीचं कारण सरळ आहे. शहराच्या कडेला शंभर दारांचं नवं ट्रक टर्मिनल बांधायला परवानगी मिळणं आता दुरापास्त, शेजाऱ्यांना रात्रभर ट्रक नको असतात. १९८० आधी परवान्याला जी टंचाईची किंमत होती ती आता दारांना आहे. २०२३ च्या डिसेंबरमधल्या लिलावात एक्सपीओने २८ टर्मिनलं ८७ कोटींना घेतली, एस्टेसने २४, साइयाने १७ टर्मिनलं २३ कोटी ५७ लाखांना. येलो आणि साइया दोघींचा जन्म १९२४ चा. १९९३ मध्ये प्रेस्टन घेताना तिच्यासोबत येलोच्या घरात आलेली (आणि प्रेस्टन स्वतः १९९९ मध्ये बंद पडली), २००२ मध्ये बाहेर काढलेली कंपनी एकवीस वर्षांनी त्याच घराच्या खोल्या विकत घ्यायला आली. मालमत्तेच्या या विक्रीला विलीनीकरणाची जाड रेघ काढू नका; ठिपक्यांची काढा. माणसं, करार आणि देणी यातलं काहीही साइयाकडे गेलेलं नाही.

---

जुना_डॉकेट :

तक्ता तपासायचा एक सोपा मार्ग राहिला. प्रत्येक वाहतूक कंपनीला बिलांवर छापायचा दोन ते चार अक्षरी 'स्कॅक' कोड असतो आणि ग्राहकांच्या संगणकांत तो इतका रुतलेला असतो की विलीनीकरणानंतरही बदलत नाहीत. एक्सपीओच्या एलटीएल बिलांवर सीएनडब्ल्यूवाय, म्हणजे कॉन-वे. टीफोर्स फ्रेटच्या (टीएफआयने यूपीएसकडून घेतलेली ओव्हरनाइट) बिलांवर यूपीजीएफ, म्हणजे यूपीएस ग्राउंड फ्रेट. वायआरसी फ्रेट (येलो आणि रोडवे एकत्र केल्यावरची कंपनी) आरडीडब्ल्यूवाय वापरायची, म्हणजे येलोने रोडवेला गिळलं तरी कोड रोडवेचाच टिकला. खालच्या पट्टीतल्या प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात हा कोड लिहा. जिथे नाव बदललं पण कोड तोच राहिला तिथे रेघ अखंड ओढा. फेडेक्सने डिसेंबर २०२४ मध्ये फेडेक्स फ्रेट वेगळी काढण्याचं जाहीर केलं, तेव्हा उजव्या कडेला जागा सोडून ठेवा. व्हायकिंग, २००१ ची अमेरिकन फ्रेटवेज आणि २००६ ची वॉटकिन्स या तिन्ही रेघा तिथे एकत्र येतात.